शनिवार-रविवारचं सवाई : गाडी, चौघं मित्र आणि जागरणाची वाटणी

पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बुधवारी सुरू होतो आणि रविवारी रात्री संपतो. पाचही दिवस रजा काढणारे भाग्यवान वेगळे. बाकीच्यांच्या हाती लागतात ते शनिवार आणि रविवार. मुंबई-ठाण्याकडून चौघांनी एका गाडीतून जायचं, दोन दिवस पोटभर गाणं ऐकायचं, रात्री गप्पा मारायच्या आणि सोमवारी धडधाकट घरी पोचायचं, यासाठी काय काय करावं लागतं ते इथे सांगितलं आहे. निम्मं झोपेबद्दलच आहे, कारण बहुतेक सहली तिथेच फसतात.

पहिली गोष्ट, शेवटचे दोन दिवस मिळाले म्हणून हळहळू नका. गायक भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं गाणं रात्रभर, पार उजाडेपर्यंत चालायचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद केले. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. त्यातला एक दिवस अलीकडे सवाईच्या शनिवारच्या वाट्याला येतो. म्हणजे दरबारी, मालकंस, अभोगी असले रात्री उशिरा गायचे राग त्यांच्या वेळेच्या जरा तरी जवळ ऐकायचे असतील तर शनिवारच गाठायला हवा. रविवार अलीकडे दुपारी १२ च्या सुमाराला सुरू होतो, त्यामुळे इतर दिवशी सहसा न मिळणारे दुपारचे राग, म्हणजे शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, गौड सारंग, भरदुपारी कानावर पडण्याची शक्यता असते. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात. तिकीट काढताना त्या वर्षीचं वेळापत्रक बघून खालचा हिशेब तासाभराने पुढे-मागे करा.

माणसं किती आणि कोण

चार. पाचवा माणूस मागच्या सीटच्या मधे बसतो, झोपू शकत नाही आणि इतर दोघांनाही झोपू देत नाही. शिवाय चार शाली, चार उशा, दोन थर्मास आणि डब्यांची पिशवी हॅचबॅकच्या डिकीत कशीबशी मावते, पाचव्याची बॅग कोणाच्या तरी मांडीवर येते. चौघांपैकी दोघांना घाटात गाडी चालवायची सवय हवी. लायसन्स असून फक्त सोसायटीच्या आवारात गाडी फिरवणारा धरू नका.

या दोघांची कामं निघण्याआधीच ठरवा. एक नेणारा, एक आणणारा. नेणारा शनिवारी पहाटे चालवतो आणि त्या रात्री हवं तितकं जागतो. आणणारा सोमवारी चालवतो, म्हणून शनिवारी रात्री तो गप्पांतून सगळ्यांत आधी उठतो. हे त्याला आधी सांगून ठेवलं तर तो राजी असतो. रात्री दीड वाजता, चहाचा तिसरा कप हातात असताना सांगितलं तर कोणीच राजी नसतं. बाकीचे दोघं बिनधास्त जागू शकतात, पण गाडीत पुढच्या सीटवर आळीपाळीने बसून चालवणाऱ्याला बोलतं ठेवायची ड्यूटी त्यांची. पुढे बसलेल्याने डोळा लावायचा नाही. शेजारच्याचं घोरणं ऐकत गाडी चालवणाऱ्यालाही हळूहळू पेंग येते.

झोपेचं गणित

सलग १७ तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना साधारण तितकाच ढिला पडतो, जितका रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला. २४ तासांच्या जागरणानंतर हा आकडा ०.१० च्या घरात जातो. आपल्या कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थेंबही न घेता माणूस मर्यादेबाहेर जातो, फक्त नळीत फुंकून ते कळत नाही.

आता हा हिशेब रविवारला लावून बघा. आणणारा रविवारी सकाळी ९ ला उठला, महोत्सव रात्री १० ला संपला, गर्दीतून बाहेर पडून गाडीत बसेपर्यंत ११ वाजले आणि मुंबईत पोचायला २ वाजले, तर घर येताना बरोबर १७ तास झाले. त्यात रात्री २ ते पहाटे ६ ही शरीराची सगळ्यांत मंद वेळ. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. तीन सेकंद डुलकी लागली तर ८० मीटरहून जास्त रस्ता कोणीच बघत नसतं.

म्हणून आमचा स्पष्ट सल्ला, रविवारी रात्री निघू नका. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका, रविवारी ११ ला आडवे व्हा आणि सकाळी साडेसहाला निघा. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, घाटात पोचाल तेव्हा उजाडलेलं असतं. सोमवारी ९ ला ऑफिस गाठणं टाळताच येत नसेल तर एकच मार्ग उरतो : आणणाऱ्याने रविवारी दुपारी २ ते ४ मंडपातून उठून मुक्कामी जायचं, दीड तास खरोखर झोपायचं आणि मगच रात्री निघायचं. गाडीत पाय दुमडून पडणं या झोपेत धरायचं नाही.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. मंगळवार ते गुरुवार रोज एक तास जादा झोपा. झोप पुढे साठवता येते, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी. शुक्रवारी साडेनऊला दिवे बंद. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट निघायचा मोह होतो, पण दिवसभर काम केलेला चालक आणि घाटात सरपटणारी विकेंडची रांग हे दोन्ही एकदम अंगावर घेण्यात अर्थ नाही.

जाताना

शनिवारी पहाटे ५ ला दादर सोडा. सातनंतर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची बोरघाटात खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रांग लागते आणि ती अकरापर्यंत हटत नाही. दादर ते स्वारगेट साधारण १५० किलोमीटर, पहाटे तीन तास पुरतात. त्यातला कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा पट्टा द्रुतगती मार्गाचा. कारचा एका बाजूचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. फास्टॅगमध्ये आदल्या रात्रीच हजार रुपये ठेवा. मुंबईच्या वेशीवरचे टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांनी अटल सेतू घेतला तर एका फेरीचे २५० रुपये वाढतात, पण पहाटे पाचला शिव-पनवेल मार्गही मोकळाच असतो, तेव्हा ते पैसे वाचवा.

सपाटीवर कमाल वेग १००, घाटात पाटीवर लिहिला असेल तितका. दोन्हीकडे कॅमेरे आहेत आणि दंडाची पावती मोबाइलवर येते. लोणावळ्याच्या आसपास डिसेंबरात पहाटे धुकं असतं. हेडलाइट डीपरवर ठेवा, अप्पर मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं तुम्ही थांबला आहात, आणि लेन बदलताना तुमची खूण त्याला दिसतच नाही.

गाडीची तपासणी गुरुवारी करा, म्हणजे काही निघालं तर शुक्रवार हातात राहतो. टायर थंड असताना हवा भरा. चार माणसं आणि सामान असेल तेव्हाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो, रिकाम्या गाडीच्या आकड्यापेक्षा तो बहुधा दोन-चार पीएसआय जास्त असतो. स्टेपनीतही हवा भरा. वायपरच्या टाकीत पाणी, कारण धुक्यात ट्रकमागून गेलं की काच तेलकट होते.

कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांना द्रुतगती मार्गाशी देणंघेणं नाही, पण दोन जागा त्यांनी लक्षात ठेवाव्यात. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर लगेच उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण आहे. दुसरी, कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा लांब उतार. तिथे इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक मागून येतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, ट्रकच्या पुढे रेंगाळू नका. नाशिककरांनी चाकणला सकाळी आठच्या आत ओलांडावं.

मुक्काम आणि गाडी

महोत्सव २०१८ पासून रमणबागेतून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात आला. स्वारगेटपासून ही जागा दीड-दोन किलोमीटर. मुक्काम स्वारगेट, मुकुंदनगर, बिबवेवाडी, सहकारनगर या पट्ट्यात शोधा. बाणेर-वाकडला मित्राचा प्रशस्त फ्लॅट असेल तरी रात्री साडेबाराला तिथवर जाणं आणि सकाळी परत येणं यात झोपेचे दोन तास जातात.

गाडी मुक्कामी लावली की सोमवारपर्यंत हलवायची नाही. मंडपाभोवतीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि शनिवारी चारनंतर जागा शोधताना पहिल्या कलाकाराचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल संपलेला असतो. चालत जा किंवा रिक्षा करा. स्वारगेटपर्यंत मेट्रो आली आहे, पिंपरी किंवा शिवाजीनगरकडे उतरलेल्यांना जाताना ती उत्तम. शनिवारी रात्री परतताना मात्र ती बंद झालेली असेल, आणि मध्यरात्रीनंतर रिक्षाचं भाडं सव्वापट. चौघांत ते फारसं नाही.

बाथरूम एक असेल तर चौघांचे वीस-वीस मिनिटं धरून रविवारी सकाळी ऐंशी मिनिटं लागतात. दोघांनी शनिवारी रात्रीच अंघोळ उरकावी.

मंडपात

खुर्ची घ्यायची की भारतीय बैठक, हा वाद दरवर्षी होतो. बैठकीचं तिकीट स्वस्त, माहोल तिथलाच, शेजारी बसलेले आजोबा तानेच्या शेवटी हात उचलतात तेव्हा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची जागा आपसूक कळते. पण सात-आठ तास मांडी घालून बसायची सवय नसेल तर तिसऱ्या कलाकारापर्यंत पायाला मुंग्या, कंबरेला कळ आणि मन गाण्यावरून उडालेलं. पस्तिशीच्या पुढच्यांनी शनिवारी बैठक आणि रविवारी खुर्ची असं करून बघावं. बैठकीत दोन इंच जाडीची घट्ट उशी मांड्यांखाली न घेता माकडहाडाखाली सरकवा, पाठ आपोआप ताठ राहते. मऊ उशी तासाभरात चपटी होते. खांबाला टेकायला मिळावं म्हणून खांबाजवळ बसणाऱ्यांनी आधी तिथून तबलजी दिसतो का ते बघून घ्यावं.

स्पीकरच्या मनोऱ्यासमोर बसू नका. मंचाच्या मध्यरेषेवर, थोडं मागे, तानपुरा आणि आवाज यांचा मेळ चांगला लागतो. पुढची जागा हवी तर दार उघडण्याच्या तासभर आधी दोघांनी रांगेत उभं राहायचं आणि दोघांनी डबे घेऊन मागून यायचं. दोन माणसांनी आठ जणांची सतरंजी अंथरणं हा पुण्यात भांडणाचा हमखास विषय आहे. चौघांसाठी चौघांचीच जागा धरा.

दुपारी मंडपात उकडतं, म्हणून लोक शाल मुक्कामी ठेवून येतात आणि रात्री नऊनंतर पस्तावतात. पुण्यात या दिवसांत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि मंडपाच्या बाजू उघड्या असतात. शाल, कानटोपी आणि लोकरीचे मोजे पिशवीत हवेतच. बैठकीत चपला काढाव्या लागतात आणि थंडी पायातूनच चढते. चपला एका कापडी पिशवीत घालून जवळ ठेवा, बाहेरच्या ढिगात रात्री बाराला आपला जोड शोधणं हा वेगळा कार्यक्रम होतो.

उठायचं ते दोन कलाकारांच्या मधल्या पंधरा-वीस मिनिटांत. फारच अडलं तर विलंबित संपून द्रुत, म्हणजे जलद लय सुरू होण्याआधीच्या फटीत. मोबाइल सायलेंटवर टाकून भागत नाही, पडद्याचा उजेड मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो. रेकॉर्डिंग करू नका.

दोन्ही दिवस सगळंच ऐकायचा हट्ट धरू नका. कान थकतात, आणि थकलेल्या कानाला शेवटच्या कलाकाराचा षड्ज, म्हणजे साधा 'सा'ही नीट पोचत नाही. एखादं सत्र सोडायचं असेल तर दिवसाचं पहिलं सोडू नका. तिथे बहुधा तरुण गवई असतो, वर्षभर या अर्ध्या-पाऊण तासासाठी रियाज केलेला, आणि मंडपही निवांत असतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला शरीर तसंही पेंगतं. तेव्हा बाहेर या, छायाचित्रांचं प्रदर्शन बघा, पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळा, चहा घ्या. शुद्ध सारंग लागलेला असेल तर मात्र पेंगत का होईना, बसून राहा.

रविवारी शेवटच्या कलाकारानंतर लगेच उठू नका. सवाई गंधर्वांच्या आवाजातल्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका वाजते आणि महोत्सव तिथे संपतो. गर्दी चुकवायची म्हणून दहा मिनिटं आधी पळणारे नेमके तिला मुकतात.

पोट आणि कॉफी

मंडपाबाहेरच्या स्टॉलवर वडा, खिचडी, भजी, कॉफी सगळं मिळतं, पण मध्यंतरात रांग लांब असते. दोन वेळचं खाणं बरोबर न्या : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले, गुळाच्या पोळ्या. यातलं काहीही दोन दिवसांत खराब होत नाही आणि हात न धुता खाता येतं. शनिवारी कार्यक्रम संपेपर्यंत नेहमीची हॉटेलं बंद झालेली असतात. स्वारगेट एसटी स्टँडच्या आसपास चहा-पोहे मिळून जातात, पण चौघांचं जेवण तिथे होईल यावर विसंबू नका. माणशी दीड दशमी रात्रीसाठी वेगळी बांधून ठेवा.

कॉफीचा परिणाम अर्ध्यावर यायला पाच-सहा तास लागतात. आणणाऱ्याने संध्याकाळी सहानंतर ती घेऊ नये, नाहीतर एक वाजता अंथरुणावर पडून तो मालकंसच गुणगुणत बसतो. उरलेल्यांनी रात्री दहाला घ्यावी, गप्पांना उपयोगी पडते. पाणी घोट-घोट प्या, पण पिणं बंद करू नका. शौचालयाची रांग टाळायला तहानलेलं राहिलं की रात्री डोकं ठणकतं आणि दोष जागरणाला दिला जातो.

शनिवारची रात्र

साडेबाराला मुक्कामी. एक वाजता आणणारा आतल्या खोलीत, कानात बोळे घालून. दार बंद. बाकी तिघांनी बाहेरच्या खोलीत किंवा गच्चीवर शाली गुंडाळून बसावं. कोणाचा मध्यम लागला, कोणाचा तबलजी पुढे पळत होता, गेल्या वर्षीपेक्षा यंदा काय बरं होतं, असल्या भांडणांसाठीच तर ही सहल असते. नेणाऱ्याने दुपारी साडेअकरा ते दोन झोप काढली असेल तर तो चारपर्यंत टिकतो. ती काढली नसेल तर पहाटे ४ ला उठलेल्या त्या माणसाला मध्यरात्री वीस तास झालेले असतात, आणि दोनला तो बसल्या जागी लुढकतो. त्याला उठवू नका. चारला सगळ्यांनी झोपायचं. गजर साडेनऊचा, एकाच फोनवर, आणि तो फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

परतताना

सोमवारी निघण्याआधी आणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : किती तास झोपलास आणि रात्री कितीदा जाग आली. सहा तासांपेक्षा कमी असेल तर तासभर उशिरा निघा. किवळेनंतर पेंग येऊ लागली तर तिच्या खुणा अशा असतात : गाडी लेनच्या पट्टीकडे सरकते, पाटी वाचूनही लक्षात राहत नाही, मागचे चार किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. खिडकी उघडणं, एसी वाढवणं, गालावर पाणी मारणं याने पाच मिनिटं निभतात, पुढे नाही. आलाप लावू नका, रेडिओवरच्या बडबडीवर ठेवा. उपाय एकच आहे. फूड मॉलला गाडी घ्या, एक कप कडक कॉफी प्या आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. कॉफी अंगात भिनायला साधारण तितकाच वेळ लागतो, त्यामुळे जाग आणि तरतरी एकदम येते. वीसची चाळीस मिनिटं केलीत तर गाढ झोपेतून उठल्यासारखं जड वाटतं, तेव्हा आणखी पंधरा मिनिटं चालल्याशिवाय स्टिअरिंग धरू नका. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी लावून झोपणं हा यावरचा उपाय नव्हे. उभ्या गाडीवर मागून आदळणारे ट्रक हा तिथल्या अपघातांचा जुना प्रकार आहे.

खंडाळ्यापासून खाली उतरताना तिसरा गिअर, ट्रकमागे अडकलात तर दुसरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, पॅडल मऊ लागतं आणि जळका वास येतो. तसं झालं तर खालच्या गिअरमध्ये वेग पाडा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

हिशेब गाडीतच मिटवा. जाऊन-येऊन ३०० आणि गावातले थोडे धरून ३३० किलोमीटर, लिटरला १५ चं अॅव्हरेज धरलं तर २२ लिटर. लिटरला १०४ रुपये लावले तर सुमारे २,३०० रुपये, टोल ६४०, म्हणजे चौघांत माणशी साडेसातशेच्या आत-बाहेर. गाडी ज्याची त्याच्याकडून पेट्रोलचा वाटा घेऊ नये असं आमचं मत, टायर आणि क्लच त्याचेच झिजतात. उतरताना मागच्या सीटखाली हात घालून बघा. थर्मासचं झाकण आणि एक लोकरीचा मोजा तिथेच असतो.